प्रायोजित पायलट प्रशिक्षणाला अर्ज करताय? आधी करार वाचा, मग फॉर्म भरा

एखाद्या विमान कंपनीने 'प्रशिक्षणाचा खर्च आमचा' अशी जाहिरात दिली की माझा फोन वाजायला लागतो. ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली मुलं-मुली विचारतात, फॉर्ममध्ये काय लिहू? मी स्वतः अशाच योजनेतून कॉकपिटमध्ये आले. आता नव्या फर्स्ट ऑफिसरना, म्हणजे सहवैमानिकांना, लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) देते, आणि अधूनमधून निवडीच्या पॅनेलवर बसते. माझं उत्तर ठरलेलं असतं. फॉर्मचं नंतर बघू. पैसे कोण भरणार, कधी भरणार आणि मध्येच काही अडलं तर ते कोणाच्या अंगावर येणार, हे आधी शोधून काढा.

कारण 'कॅडेट प्रोग्रॅम', म्हणजे नवशिक्याला वैमानिक बनवायची विमान कंपनीची योजना, या नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी चालतात. ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये स्पीडबर्ड पायलट अकॅडमी जाहीर केली, तिथे प्रशिक्षणाचा खर्च कंपनी उचलते. ब्रिटनच्याच टुई एअरवेजनेही त्याच सुमारास सगळा खर्च स्वतः उचलणारी योजना आणली. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकची कॅडेट योजना तर 1988 पासूनची. याउलट ऑस्ट्रेलियाच्या कांतास कंपनीच्या टुवूम्बा शहरातल्या अकॅडमीत किंवा इंडिगोच्या कॅडेट कार्यक्रमात प्रशिक्षणाचे पैसे उमेदवारालाच उभे करावे लागतात. त्या योजना वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण घर गहाण टाकून शिकणं आणि कंपनीच्या पैशाने शिकणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि जाहिरातीतले हसरे फोटो दोन्हीकडे सारखेच असतात. तिसराही प्रकार आहे: कंपनी आधी भरते आणि नोकरी लागल्यावर पगारातून वळते करते. तेही 'प्रायोजित' म्हणूनच सांगितलं जातं.

म्हणून कराराचा नमुना मागा. तो निवडीनंतरच दाखवतात असं उत्तर मिळालं, तर निदान अटी लेखी विचारा. बाँड, म्हणजे कंपनी मध्येच सोडली तर पैसे परत करायची अट, किती वर्षांचा? दरवर्षी रक्कम कमी होत जाते, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या परवानगीसाठी, वेगळा बाँड आहे का? परीक्षेची फी, पुनर्परीक्षा, जादा उड्डाणाचे तास, राहणं-जेवण, गणवेश यांतलं काय कंपनीकडे आणि काय तुमच्याकडे? अभ्यासक्रम झेपला नाही आणि तुम्हाला काढून टाकलं, तर खर्च परत मागणार का? मेडिकल, म्हणजे उडण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, गेलं तर? प्रशिक्षण पूर्ण झालं पण कंपनीला तेव्हा वैमानिकच नको असले तर? आणि जामीनदार कोण? आई-वडिलांची सही लागत असेल तर त्यांनाही करार समोर बसून वाचू द्या. मंदी आली की कंपन्या भरती थांबवतात, 2020 मध्ये जगभर हेच झालं. 'नोकरीची हमी' आणि 'जागा असल्यास प्राधान्य' यांतला फरक त्या वेळी कळला तर उशीर झालेला असतो.

लायसन्स कोणतं मिळणार हेही इथेच विचारायचं. काही योजना एमपीएल देतात, म्हणजे मल्टी-क्रू पायलट लायसन्स. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, ते 2006 मध्ये आणलं. त्यात प्रत्यक्ष आणि सिम्युलेटर मिळून किमान 240 तास असतात, आणि सुरुवातीपासून दोन वैमानिकांच्या कॉकपिटसाठी तयारी होते. प्रशिक्षण म्हणून मला ते आवडतं. पण ते एका कंपनीच्या पद्धतींना आणि एका विमानाला बांधलेलं असतं. कंपनी मध्येच बंद पडली तर ते घेऊन दुसरीकडे जाणं सीपीएलइतकं, म्हणजे नेहमीच्या कमर्शियल पायलट लायसन्सइतकं, सरळ नसतं. त्या परिस्थितीत विद्यार्थ्याला सीपीएलकडे वळवायची काही सोय आहे का, हे विचारायला लाजू नका.

पात्रतेच्या अटींत सर्वांत जास्त अर्ज एकाच जागी अडकतात: कंपनी ज्या देशातली आहे तिथे निर्बंधाशिवाय राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क. कंपनी तुमच्यावर पैसे लावते ते पुढची अनेक वर्षं तुम्ही तिथून उडावं म्हणून. व्हिसाची खटपट ती सहसा अंगावर घेत नाही. हा हक्क नसेल तर फॉर्म कितीही सुंदर भरा, पहिल्याच चाळणीत तो बाजूला जातो. वयाची किमान अट सीपीएलसाठी 18 आहे. शिक्षणात गणित, विज्ञान आणि इंग्रजी लागतं, पदवी मात्र बऱ्याच ठिकाणी लागत नाही. ही ओळ मुद्दाम लिहितेय, कारण पदवी नाही म्हणून अर्जच न करणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत.

मेडिकलचं मात्र कोणी सांगायची वाट पाहू नका. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकांची वैद्यकीय तपासणी, करण्याची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडे अर्जाच्या आधीच जाऊन या, स्वतःच्या खर्चाने जावं लागलं तरी. चष्मा असला तरी चालतो: चष्म्यासह प्रत्येक डोळ्याने 6/9 आणि दोन्ही मिळून 6/6 दिसलं पाहिजे. अडचण बहुधा रंगदृष्टीची निघते. ठिपक्यांमधून आकडा ओळखायच्या इशिहारा चाचणीत आपल्याला काही रंग वेगळे दिसत नाहीत, हे काहींना विशीत पहिल्यांदा कळतं. तिथेही सगळं संपत नाही, पुढच्या सविस्तर चाचण्या असतात. पण हे आयुष्याची तीन वर्षं तयारीत घालवण्याआधी कळलेलं बरं. ईसीजी, कान, रक्त-लघवी हे सगळं होतंच. पूर्वीचा दमा, फिट, नैराश्यावरचे उपचार, जे असेल ते खरं सांगा. उपचार घेतले म्हणून दार बंद झालंच असं नसतं, बऱ्याचदा फक्त जास्त कागद मागतात. लपवलेली गोष्ट पुढे उघडकीला आली तर मेडिकलही जातं आणि विश्वासही.

आता फॉर्म. 'लहानपणापासून आकाशाची ओढ' हे वाक्य इतक्या अर्जांत असतं की वाचताना नजर त्यावरून घसरते. ओढ खरी असते, मला माहीत आहे, माझीही होती. पण पॅनेल वेगळंच शोधत असतं: या माणसाला शिकवता येईल का, आणि दहा-बारा वर्षांनी याच्या हाती विमान आणि माणसं सोपवता येतील का? त्यासाठी आयकाओने वैमानिकांच्या क्षमता मांडून ठेवल्या आहेत. कार्यपद्धती पाळणं, संवाद, हाताने आणि ऑटोपायलटने विमान सांभाळणं, नेतृत्व आणि संघभावना, अडचण सोडवून निर्णय घेणं, परिस्थितीचं भान, कामाचा भार पेलणं. विमान सांभाळणं सोडलं तर बाकीच्या सगळ्या तुमच्या आजच्या आयुष्यातही दिसतात. फॉर्ममधले प्रश्न याच क्षमतांभोवती फिरतात, म्हणून आधी प्रत्येकीसाठी आपल्या आयुष्यातला एक खरा प्रसंग कागदावर लिहून काढा.

प्रसंग मोठा असायची गरज नाही. एका मुलीने लिहिलं होतं की ती औषधांच्या दुकानात संध्याकाळी काम करायची. पाळी बदलताना अर्धवट ऑर्डरी तोंडीच सांगितल्या जात आणि काही ना काही राहून जाई. तिने दाराजवळ एक वही ठेवली, दोन्ही पाळ्यांची सही घ्यायला सुरुवात केली. एका सहकाऱ्याला ते कटकटीचं वाटलं, तेव्हा तिने वहीतले रकाने त्याच्याशी बोलून कमी केले. बस, एवढंच. पण त्यात कार्यपद्धती आहे, संवाद आहे, आणि विरोध झाल्यावर ती काय करते तेही आहे. 'मी उत्तम नेतृत्व करते' असं तिला लिहावंच लागलं नाही. तुम्हीही असंच लिहा: काय अडलं, तुम्ही नेमकं काय केलं, काय झालं, त्यानंतर तुम्ही काय बदललं. 'आम्ही' केलेल्या कामात 'मी' कुठे होतो ते स्पष्ट दिसू द्या. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला अर्ज मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

पुढचा टप्पा कलचाचण्यांचा. जॉयस्टिकने पडद्यावरचा ठिपका मध्यभागी ठेवायचा आणि त्याच वेळी कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवायचे, डायल वाचून विमान कोणत्या दिशेला कललंय ते सांगायचं, मनातल्या मनात हिशोब करायचे. सराव होतो, पण एका रात्रीत नाही. रोज थोडा वेळ, काही आठवडे. हिशोबासाठी पुस्तकी बेरजांपेक्षा आमचे रोजचे आडाखे घ्या. तीन अंशांच्या उतारासाठी जमिनीच्या तुलनेतल्या, नॉटमधल्या (ताशी सागरी मैल) वेगाला पाचने गुणा: 140 नॉटला मिनिटाला 700 फूट खाली. 36,000 फुटांवरून उतरायचं तर 36 गुणिले 3, म्हणजे साधारण 108 सागरी मैल आधी सुरुवात. 480 नॉट म्हणजे मिनिटाला 8 सागरी मैल. चालताना, भांडी घासताना हे करत राहा. चाचणीत एखादं उत्तर चुकलं तर तिथेच सोडून पुढे जा. चाचणी तेही बघत असते.

गटचर्चेबद्दल फार चुकीचे सल्ले फिरतात. 'सगळ्यात आधी बोल', 'नेता बन' वगैरे. ही फेरी का असते ते समजून घ्या. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट धडकून 583 माणसं गेली. उड्डाणाला धावणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका बोलून दाखवली होती की समोरचं विमान अजून बाजूला झालं नसेल. कॅप्टनने ती तिथल्या तिथे मोडून काढली. त्यानंतर कॉकपिटमध्ये बोलायचं कसं आणि ऐकायचं कसं, हे शिकवण्याचा विषय झाला. पॅनेलवर बसले की मी हेच पाहते. गप्प बसलेल्याला कोण विचारतं? गटाने ठरवलेला आकडा चुकीचा वाटला तर तो विषय पुन्हा काढायचं धाडस कोण करतं? आपली कल्पना मागे पडल्यावर दुसऱ्याच्या कल्पनेसाठी कोण तितक्याच मनापासून राबतं? घड्याळाकडे कोणाचं लक्ष आहे? कमी बोललात तरी चालेल, पण जे बोलाल त्याने गटाचं काम पुढे सरकलं पाहिजे.

मुलाखतीला जाताना त्या कंपनीची विमानं कोणती, तळ कुठे, मार्ग कोणते, नवी विमानं कोणती मागवली आहेत हे माहीत हवं. तांत्रिक प्रश्न साधे असतात, पण पाठांतर लगेच कळतं. 'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे: पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरचा प्रवाह सुटतो आणि पंख वजन पेलू शकत नाही. हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. 'कॅप्टन नियम मोडतोय असं वाटलं तर?' हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो. आदराने विचारणं, मग स्पष्ट सांगणं, मग थांबवणं, अशी पायरी-पायरीने चढत जाणारी उत्तरं आम्हाला पटतात. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा आणि ते कसं शोधाल ते सांगा.

नकार आला तर पुन्हा अर्ज किती काळाने करता येतो ते लिहून ठेवा, अभिप्राय देत असतील तर जरूर मागा, आणि तोवर दुसरं शिक्षण किंवा नोकरी सोडू नका. होकार आला तर सहीच्या आधी करार वकिलाला दाखवा. वर लिहिलेले सगळे प्रश्न आता नावानिशी आणि रकमेनिशी पुन्हा विचारा. विमानतळाच्या ओळखपत्रासाठी मागच्या पाच वर्षांचा हिशोब मागू शकतात: कुठे राहिलात, कुठे शिकलात, मधल्या रिकाम्या महिन्यांत काय केलंत. ती कागदपत्रं आत्ताच गोळा करा. आणि अभ्यासक्रम सुरू होईपर्यंतचे महिने त्रिकोणमिती, सदिश आणि दहावी-बारावीचं भौतिकशास्त्र यांना द्या. युरोपात एटीपीएलच्या, म्हणजे विमान कंपनीच्या वैमानिकाच्या लायसन्सच्या, लेखी परीक्षेत 13 विषय असतात आणि प्रत्येकात 75 टक्के लागतात. वर्ग सुरू झाल्यावर शाळेतलं गणित उजळायला वेळ उरत नाही.