हार्मोन बिघडवणारी रसायनं: डबे फेकण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, आवराआवर करताना आमच्या वहिनीने एका दुपारी स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गोणीत भरलं. "हार्मोन बिघडतात म्हणे." संध्याकाळी नवे डबे आले. तेही प्लास्टिकचेच, फक्त वर ‘बीपीए फ्री’चं लेबल, म्हणजे बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमधलं रसायन नसल्याचं. चार हजारांची चाट बसली. मिस्कुटाचा, म्हणजे कैरीच्या तेलातल्या लोणच्याचा, लाल डबा तेवढा वाचला, कारण तो भरलेला होता. खरं तर पहिल्यांदा जायला हवा होता तोच.

पहिली चूक त्या लेबलावर विसंबण्याची. बीपीए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं, हे 1936 पासून माहीत आहे. ते काढलं की त्याच्या जागी बऱ्याचदा त्याचंच भावंड, बीपीएस, येतं आणि तेही फारसं वेगळं वागत नाही. म्हणून डबा उलटा करून तळाचा त्रिकोण बघा. 3 म्हणजे पीव्हीसी. 7 मध्ये पॉलीकार्बोनेट येतं, ज्यात बीपीए असतं. 1 आकड्याच्या पाण्याच्या बाटल्यांना लोक उगाच बीपीएसाठी नावं ठेवतात, त्यात ते नसतं. 5 त्यातल्या त्यात बरा.

वीस लिटरचा कडक, निळसर जार बऱ्याचदा पॉलीकार्बोनेटचा असतो. तो टेम्पोत दिवसभर उन्हात तापतो, मग दारात. इथे जार फेकायची गरज नाही, उष्णता टाळायची गरज आहे. 2008 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी पॉलीकार्बोनेटच्या बाटल्यांत उकळतं पाणी ओतून पाहिलं, तेव्हा बीपीए थंड पाण्यापेक्षा 15 ते 55 पट वेगाने सुटलं. तेव्हा जार सावलीत ठेवा आणि पाणी कळशीत किंवा मातीच्या माठात काढा. जार बदलूनही पोराची वाफाळती पेज प्लास्टिकच्या वाटीतच वाढत असाल, तर काय उपयोग? पार्सलची गरम पातळ भाजीही पिशवीतून घरी नेण्यापेक्षा स्टीलचा डबा बरोबर न्या. भाजीवाला आधी कपाळाला आठ्या घालतो, मग सवय होते.

मिस्कुटाचं दुखणं तेलाचं. थॅलेट्ससारखी, पीव्हीसीसारखं प्लास्टिक मऊ करणारी रसायनं पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात आणि लोणचं तर वर्षभर तेलातच मुरतं. डब्याला धुऊनही वास राहतो ना? प्लास्टिक तेल पितं, म्हणून. देणंघेणं दोन्ही बाजूंनी चालतं. लोणच्याला चिनी मातीची बरणी किंवा काच. कोकमसोलांच्या आंबटाला आणि खारवलेल्या तोरांना, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांनाही, तेच.

पावसाळ्यात कपाटं कुबट होतात, मग आपण रूम फ्रेशनर टांगतो, सुगंधी सॉफ्टनर ओततो. माझ्या मते ही चूक प्लास्टिकच्या डब्यापेक्षा मोठी, कारण हवा आपण चोवीस तास घेतो. वास टिकवायला डायएथिल थॅलेट वापरतात, पण लेबलावर बहुधा ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असतो आणि बाकीचं सारं त्याच्या पोटात. ‘पॅराबेन फ्री’ (पॅराबेन म्हणजे माल टिकवायला घालतात ते रसायन) साबण घेऊन खुशीत असाल, तर मागची यादी वाचा, तिथे ‘परफ्यूम’ हा शब्द बहुधा सापडेल. कुबट वासाचं मूळ ओल आहे. उघडीप मिळाली की कपाटाची दारं उघडा आणि दमट कपडे घडी करून ठेवू नका.

कोरडा झाडू मारणं हीही एक चूक, कोणाच्या लक्षात न येणारी. व्हिनाइल, फोम आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून सुटलेली रसायनं धुळीत बसतात, झाडूने ती उडतात. ओल्या फडक्याने पुसा. रांगणाऱ्या बाळाचे हात भरवण्याआधी धुवा.

दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांवर बऱ्याचदा बीपीए किंवा बीपीएस असतं. सॅनिटायझर लावल्या लावल्या त्या हातात घेऊ नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका.

आणि शेवटची, घातक चूक: हे सगळं पंधरा दिवस करून थायरॉइडच्या गोळ्या बंद करणं. बीपीए एका दिवसात बहुतेक लघवीवाटे निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. म्हणून सवय बदलायची, गोळी नाही. गोळीचं डॉक्टरांना विचारा.

वहिनीचं मिस्कूट आता सासूच्या बरणीत आहे. लाल डबा तीन दिवस उन्हात ठेवला, तरी झाकण उघडलं की मोहरीचा भपकारा येतो. त्यात कपड्यांचे चिमटे ठेवलेत.