मात्सुए बघायचं तर असं बघा

मी जपानमध्ये ओकायामाला राहते. देशातून पाहुणे आले की प्रसिद्ध किल्ल्याच्या हिमेजीचं नाव काढतात, आणि मी आग्रहानं त्यांना मात्सुए या दुसऱ्या किल्ल्याच्या गावी पाठवते. याकुमो एक्सप्रेसनं अडीचेक तास लागतात. सकाळची पहिली गाडी धरा.

आधी किल्ला. सरदार होरिओ योशिहारूनं बांधायला घेतलेला हा काळा बुरुज 1611 साली पुरा झाला. बूट काढावे लागतात, जिने उभे आहेत. जाड पायमोजे न्या. सगळे वरच्या मजल्यावरून शिंजी तळं बघायला धावतात. तुम्ही तळघरात थांबा. तिथे विहीर आहे, आणि फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले खांब आहेत. 2012 मध्ये जवळच्या देवळात 1611 सालच्या प्रार्थनेच्या लाकडी पाट्या सापडल्या. त्यांची खिळ्यांची भोकं इथल्या खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली! बांधकामाचं साल पक्कं झालं आणि 2015 मध्ये किल्ला राष्ट्रीय ठेवा ठरला. त्याआधी, 1875 मध्ये, सरकारनं तो 180 येनला मोडीत काढला होता. गावातल्या लोकांनी पैसे उभे करून वाचवला. म्हणून आज तो बघायला मिळतो.

खाली उतरून खंदकातली होडी घ्या. पाऊण तासाच्या वर फेरी चालते. काही पूल इतके ठेंगणे आहेत की छत खाली येतं आणि सगळ्यांना वाकावं लागतं. गुडघे दुखत असतील तर होडी सोडा, काठानं शिओमि नावाते या रस्त्यानं सामुराई वाड्यांवरून चालत जा. लेखक लाफ्काडिओ हर्न 1890 मध्ये इथे इंग्रजी शिकवायला आला होता. त्याचं घरही याच रस्त्यावर आहे.

मग टेकडीवरचं मेइमेइआन हे चहाघर. इथे घाई करू नका. मात्सुएचं खरं मर्म मला चहातच दिसतं. इथल्या मात्सुदाइरा या सरदार घराण्याकडे 1 लाख 86 हजार कोकूंची जहागीर होती (1 कोकू म्हणजे एका माणसाचा वर्षाचा तांदूळ, सुमारे 150 किलो), तरी दौलत कर्जात बुडालेली. कारभारी आसाहि ताम्बानं खर्चाला कात्री लावली. जिनसेंग ही औषधी मुळी, मेण, लोखंड यांच्या उत्पन्नावर घडी बसत गेली. त्याच काळातला सातवा सरदार हारुसातो, म्हणजे फुमाइ, चहाचा मोठा जाणकार. मेइमेइआन 1779 चं, त्यानंच बांधवलेलं. त्याच्यामुळे इथे घरोघरी माचा, म्हणजे हिरव्या चहाची भुकटी, घोटला जातो आणि मिठाईची दुकानं टिकून आहेत.

मिठाई आधी खायची, चहा नंतर. ‘वाकाकुसा’ मागा: मऊ तांदळाची वडी, वरून हिरवी भुकटी. ‘यामाकावा’ ही साखर-तांदूळपिठीची वडी हातानं तोडून खातात. दोन्ही शाकाहारी.

जेवणात शिजिमि शिंपल्यांचं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप येईल. शिंजी तळ्याचं पाणी निमखारं, म्हणून हे शिंपले तिथे वाढतात. कोळी सकाळी लांब दांड्याच्या जाळीनं तळ खरवडून काढतात. शाकाहारी असाल तर नुसतं ‘शिंपले नकोत’ म्हणून भागत नाही, रश्शातही मासळी असते. आधीच विचारा.

सूर्यास्तासाठी तळ्याकाठचं कला संग्रहालय गाठा. मार्च ते सप्टेंबर ते सूर्यास्तानंतर अर्धा तास उघडं असतं, मंगळवारी बंद. जून-जुलैत सूर्य सव्वासातनंतर मावळतो. त्या दिवसांत परतीची गाडी धरायची धडपड करू नका, मुक्काम करा.