‘सगळंच अडलंय’ म्हणणाऱ्यांसाठी

सांगलीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नऊ वर्षं अभ्यासिका चालवते. बावीस खुर्च्या, दोन पंखे, त्यातला एक कुरकुरतो. मी स्वतः केमिस्ट्रीची बी.एस्सी., पुढे अठ्ठावीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक. म्हणजे बी.कॉम., इतिहास, कॉम्प्युटरवाल्या मुलांना शिकवायची माझी पात्रता शून्य. तरी रात्री साडेनऊनंतर कुणीतरी वही घेऊन जिना उतरतंच. "काकू, जरा बघता का?"

मी विचारते, कुठे अडलं? उत्तर ठरलेलं, "सगळंच."

सगळं कधीच अडलेलं नसतं. अडलेली असते एक ओळ, बऱ्याचदा एक शब्द. तो सापडेपर्यंत मी उत्तराला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. प्रश्न मोठ्याने वाचा. प्रत्येक वाक्यानंतर थांबून ते स्वतःच्या भाषेत सांगा, भिंतीला सांगितलं तरी चालेल. जिथे पुस्तकातलेच शब्द तोंडात यायला लागतात, तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारा. त्या रेघेच्या खालची ओळ म्हणजे तुमची अडचण. मुलांना मी यासाठी वेगळी वही ठेवायला लावते, डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर फक्त ही ओळ आणि तारीख.

परवा अर्थशास्त्राची एक मुलगी आली. प्रश्न होता, कांद्याचा भाव वाढल्यावर मागणीवर काय परिणाम होतो ते आकृती काढून स्पष्ट करा. तिने मागणीचा वक्र अख्खाच्या अख्खा डावीकडे सरकवला होता. तिला वाटत होतं आपल्याला आकृती येत नाही. आकृती छान होती, अडलं होतं ते ‘भाव’ या शब्दावर. खुद्द कांद्याचाच भाव बदलला तर वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच वक्रावर वरखाली होतो. गिऱ्हाइकाचं उत्पन्न, आवड किंवा दुसऱ्या वस्तूचा भाव बदलला, तरच वक्र सरकतो. पुस्तकात एकाला मागणीतील विचलन म्हणतात, दुसऱ्याला मागणीतील बदल. तिला दोन्ही व्याख्या पाठ होत्या! प्रश्नात नक्की काय बदललंय, एवढंच तिने बघितलं नव्हतं.

फिजिक्सवाल्यांचं दुखणं बहुधा एककांत असतं. बस ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे, ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला सेकंदी ४ मीटरने कमी होतो, तर ती किती अंतरावर थांबेल? सूत्र असं, वेगाचा वर्ग भागिले मंदनाची, म्हणजे वेग कमी होण्याच्या दराची, दुप्पट. एकाने ७२ चा वर्ग केला, ८ ने भागलं आणि ६४८ मीटर लिहून मोकळा झाला. म्हटलं, अरे, तू रोज एसटीने येतोस ना? ड्रायव्हरने बसस्टँडवर ब्रेक दाबला तर गाडी पार पुढच्या चौकाच्या पलीकडे जाऊन थांबते का? तो हसला आणि मग ७२ ला ३.६ ने भागलं. सेकंदाला २० मीटर. ४०० भागिले ८, ५० मीटर. उत्तर आलं की ते एकदा रस्त्यावर आणून बघायचं.

कॉमर्सच्या मुलांना माझ्यापेक्षा माझे सासरे जास्त उपयोगी पडले असते. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्यांची यादी, जुळली नाही तर ते किर्दीपासून, म्हणजे रोजच्या नोंदवहीपासून, पुन्हा सुरुवात कधीच करत नसत. आधी फरकाचा आकडा कोपऱ्यात लिहायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. समजा नावे आणि जमा बाजूंत ५४० रुपयांचा फरक आहे. पहिल्यांदा दोन्ही बेरजा खालून वर करा, कारण वरून खाली केली की तीच चूक पुन्हा होते. मग ५४० ची एखादी रक्कम खतावणीतून, म्हणजे खात्यांच्या वहीतून, तेरजेत आणायची राहिली का बघा. नसेल तर ५४० च्या निम्मे करा, २७०. ही रक्कम नावेऐवजी जमेला पडली असेल तर फरक बरोबर दुप्पट दिसतो. तीही नसेल तर ९ ने भागा. ५४० ला नऊचा भाग जातो, म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाल्याचा संशय. आणि ५४० म्हणजे सहा वेळा ९०, तेव्हा शतक आणि दशक स्थानच्या अंकांत ६ चा फरक असलेली रक्कम शोधा. ३,२८० चे ३,८२० झालेले असतात. एक शून्य जास्त पडलं तरी नऊचा भाग जातो, ६० चे ६०० झाले की फरक ५४० च. पण तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं समजू नका. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा रक्कम बरोबर बाजूला पण भलत्याच खात्यात गेली, तर तेरीज खुशाल जुळते.

फरकाकडे बघायची ही सवय मला केमिस्ट्रीत कामी आली. उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या बरोबर दुप्पट किंवा निम्मं आलं तर खूश व्हा, कुठेतरी नुसता एक २ राहिलेला असतो. १० मिली सल्फ्युरिक आम्लाला ०.१ मोलरचं सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली लागलं, आम्लाची मोलॅरिटी, म्हणजे एका लिटरमध्ये किती मोल, ती काढा. मुलं दोन्हीकडे तीव्रता गुणिले आकारमान सरळ सारखं धरतात आणि ०.२ काढतात. पण सल्फ्युरिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, त्याला अल्कली, म्हणजे इथे सोडियम हायड्रॉक्साइड, दुप्पट लागतं. म्हणून आधी मोल मोजा. अल्कलीचे ०.००२ मोल, आम्लाचे त्याच्या निम्मे ०.००१, तेही १० मिलीत. म्हणजे ०.१ मोलर.

प्रॅक्टिकलचं एक सांगून ठेवते. ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची नळी, भरून झाली की वरचं फनेल काढा. एफवायच्या परीक्षेत मी ते तसंच ठेवलं होतं. मध्येच त्यातून थेंब पडत राहिले आणि तीन रीडिंगं तीन गावची आली. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग फिकट गुलाबी होऊन टिकला की थांबायचं. गडद गुलाबी म्हणजे तुम्ही पुढे निघून गेलात.

संख्याशास्त्रातली संभाव्यता टक्क्यांत सोडवू नका, माणसं मोजा. आजार शंभरात एकाला. तपासणी आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना पकडते, पण निरोगी १० टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एखादा पॉझिटिव्ह आला, तर तो खरंच आजारी असण्याची शक्यता किती? हजार माणसं रांगेत उभी करा. आजारी १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी ९. बारात एक! सूत्र नंतर लिहा, आता त्यातलं काय कुठे बसतं ते दिसेल.

कॉम्प्युटरवाल्यांना माझं एकच सांगणं, कागदावर तक्ता करा आणि प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते लिहा. फॅरनहाइटचं सेल्सिअस करणारा एका मुलाचा सी मधला प्रोग्राम कायम शून्य दाखवायचा. तक्ता केल्यावर पहिल्याच ओळीत दिसलं. तिथे ५/९ म्हणजे दोन पूर्णांकांचा भागाकार, सी त्यातला अपूर्णांक टाकून देतं आणि उरतं शून्य. ५.० लिहिलं, काम झालं.

इतिहासाला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तिथेच कुणी देत नाही. ‘१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची कारणमीमांसा करा.’ म्हणजे शेतकरी सावकारांविरुद्ध का उठले ते सांगा. एका मुलीने चार पानं लिहून आणली, १२ मे ला सुप्यात काय झालं, दंगे पुढे कुठे पसरले, शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा, सगळं. माहिती चोख, मार्क दहापैकी चार. प्रश्न ‘काय झालं’ हा नव्हताच. मी तिला जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं फाडून दिली, एका चिठ्ठीवर एकच कारण लिहायला सांगितलं. मग चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या आणि दोन चिठ्ठ्यांमध्ये ‘म्हणून’ घालून वाचायचं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, म्हणून तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाला भाव आला, म्हणून सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, म्हणून भाव पडला, म्हणून कर्ज आखडलं. त्यात नव्या आकारणीत शेतसारा वाढला. इथे ‘म्हणून’ बसत नाही, ‘आणि’ बसतं. जिथे ‘आणि’ बसतं तिथे कारण स्वतंत्र आहे, त्याला वेगळा परिच्छेद.

शेवटी तिच्या हातात एक चिठ्ठी उरली, लोकांनी कर्जरोखे जाळले. ही कुठेच बसेना. "काकू, कागदच का जाळले?" तिने स्वतःहून विचारलं, आणि मला कळलं की आता हिचं उत्तर येणार. मग ती १८५९ च्या मुदतीच्या कायद्यापर्यंत मागे गेली. रोखा तीनच वर्षं चालणार असं ठरलं, म्हणून सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेऊ लागले. वाचता न येणाऱ्या कुणब्याचं सगळं देणं त्या कागदात होतं.

सरांकडे किंवा मॅडमकडे जाताना ही अडलेली ओळच घेऊन जा. "हा धडा समजला नाही" म्हटलं की धडा पुन्हा ऐकून परत याल. "इथे वक्र का सरकत नाही?" असं विचारलं तर कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या दोन मिनिटांत सुटतं.

आणि मोबाइलवर फोटो काढून उत्तर मागवणाऱ्यांना मी रागवत नाही, वेळ वाचतो. फक्त उत्तर वाचून झालं की फोन उलटा ठेवा आणि वहीत आकडे बदलून गणित परत करा. त्या बसचा वेग ७२ च्या जागी ५४ घ्या. उत्तर अठ्ठावीस मीटरच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर पेन्सिल घ्या.