टार्पनच्या मागे जाताय? निदान या चुका तरी टाळा

फ्लोरिडात मे महिना उजाडला की मेसेज सुरू होतात. 'टार्पन (इथला तो मोठा, झुंजार समुद्री मासा) कुठे लागतोय? लोकेशन टाका ना.' लोकेशन टाकायला माझी काही हरकत नाही. बोका ग्रँड पास, फ्लोरिडा कीज बेटांमधला बाहिया होंडाचा पूल, होमोसासाचं उथळ पाणी, टाम्पा बेच्या तोंडाशी असलेलं एग्मॉन्ट की, यातलं एकही नाव गुपित नाही. १८८५ साली पुंता रासाजवळ रॉड-रीलवर टार्पन निघाला, तेव्हापासून माणसं या किनाऱ्यावर येताहेत. पण जागेचं नाव कळलं की मासा मिळालाच, असं नवख्यांना वाटतं. मग ते भर दुपारी तिथे जातात, हात हलवत परत येतात आणि 'तिथे काही नाही हो' असं गावभर सांगतात.

नकाशावरच्या टिंबाला जागा समजणं

टार्पन एका ठिकाणी बसून राहत नाही. सकाळच्या ओहोटीला जिथे पाठीच पाठी दिसतात, तिथेच तीन तासांनी नुसतं पाणी असतं. बोका ग्रँडचंच घ्या. मे-जूनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, आणि संध्याकाळची जोरदार ओहोटी शार्लट हार्बर या खाडीतले खेकडे पासच्या अरुंद वाटेने ओढून गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात नेते. टार्पन त्या खेकड्यांसाठी वर येतात आणि तोंड उघडून पृष्ठभागावरच खात राहतात. आठवड्याने भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असताना त्याच जागी गेलात तर तो देखावा दिसणार नाही. पाण्याचं तापमान साधारण २४ अंश सेल्सिअसला पोचलं की हे मासे अंगात आल्यासारखे वागतात. थंड वारा सुटून पाणी गार झालं की खोल जातात आणि तोंड मिटून बसतात.

म्हणून मी जागा लिहून ठेवत नाही. वहीत ओहोटी सुरू होऊन किती वेळ झाला होता, वारा कुठून होता, पाणी गढूळ होतं की हिरवं, एवढंच लिहितो. रॉड बाहेर काढण्याआधी इंजिन बंद करून अर्धा तास नुसता बघत बसतो. पोलराइज्ड चष्मा नसेल तर हा अर्धा तास फुकट जातो, तेव्हा रॉडच्या आधी चष्मा घ्या. टार्पनची हवेची पिशवी फुप्फुसासारखं काम करते, त्यामुळे तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. निवांत मासा सावकाश वळतो: आधी डोकं, मग पाठ, मग पाठीवरच्या पराचा तो लांब धागा, आणि मागे बुडबुड्यांची एक रेघ. बिथरलेला मासा झटकन हवा घेतो आणि पाणी उडवून पळतो. हा फरक ओळखता येईपर्यंत गळ टाकण्याची घाई करू नका. अर्थात घाई करणारे ऐकत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

गाइडची जागा उचलणं

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी एक गाइड ठरवला. गाइडने त्यांना किनाऱ्यालगतच्या एका वाळूच्या पट्ट्याबाहेर नेलं, लांब काठीने बोट हळूहळू ढकलत योग्य जागी उभी केली, आणि माशांची रांग समोरून येईपर्यंत थांबवून ठेवलं. गृहस्थांना दोन मासे लागले. एक बोटीपर्यंत आला. या सगळ्या वेळात त्यांच्या खिशातला फोन बोटीचा माग नोंदवत होता. गाइडला याचा पत्ताही नव्हता.

पुढच्याच रविवारी ते भाड्याची बोट आणि तीन मित्र घेऊन त्याच ठिकाणी हजर झाले. मी एका मित्राच्या बोटीत होतो, रांगेत तिसरा. अशा पट्ट्यावर बोटी एकमेकींपासून भरपूर अंतर राखून, मासे येतात त्या दिशेला तोंड करून उभ्या असतात. थवा आधी पहिल्या बोटीचा. तिथून सुटला तर दुसऱ्या बोटीचा, मग तिसरीचा. कुणी बोर्ड लावलेला नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या बोटीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ फ्लाय रॉड घेऊन उभे होते. दूरवर पाण्याचा रंग बदलला, दोन पाठी दिसल्या, एका माशाने घोट घेतला. म्हाताऱ्यांनी दोरी सैल करून हातात धरली.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. आमचे गृहस्थ बाहेरून पूर्ण वेगात आले, पहिल्या बोटीच्या पुढ्यातून वळले आणि थव्याला गाठायचं म्हणून त्याच्या अंगावरूनच गेले. पाणी एकदा फुगलं आणि सपाट झालं. मासे तळाला गेले. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि चौघांनी त्या रिकाम्या पाण्यात गळ टाकले!

पहिली बोट त्यांच्याच गाइडची होती. तो शांत राहिला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तो ओरडला, आणि बराच वेळ ओरडला. आठवडाभरात ही गोष्ट बोटी उतरवतात त्या रॅम्पवर सगळ्यांना माहीत झाली. पुढे हे गृहस्थ कुठल्याही गाइडला फोन करायचे तेव्हा नेमक्या त्याच तारखा भरलेल्या असायच्या. आमिष विकणाऱ्याकडचे खेकडेसुद्धा त्यांच्यापुरते संपलेले असायचे.

'पाणी काय त्यांच्या बापाचं आहे का?' असं त्यांनी मला नंतर विचारलं. नाही, कुणाच्याच बापाचं नाही. पण थवा एकदाच समोरून जातो आणि रांग मोडली की तो सगळ्यांचाच जातो. शिवाय गाइडचा खरा हंगाम एप्रिल अखेरीपासून जुलैपर्यंत, आणि त्यावर त्याचं वर्ष चालतं. तुम्ही दिलेले पैसे त्याने तुम्हाला मासा दाखवावा यासाठी असतात. वर्षानुवर्षं काठी मारून त्याने जमवलेली माहिती तुम्ही विकत घेतलेली नसते.

मी काय करतो ते सांगतो. फोन पिशवीत तळाशी. स्वतःची बोट असेल तर बुकिंग करतानाच सांगून टाकायचं: 'कॅप्टन, मला स्वतःलाही शिकायचंय, नंतर एकटा आलो तर कुठे जाऊ?' बहुतेक जण एखादी वेगळी, बरी जागा आपणहून सुचवतात, कुठल्या ओहोटीला जायचं तेही सांगतात. आणि समोर बोटी उभ्या दिसल्या तर लांबूनच वेग कमी करा, खूप बाहेरून वळसा घाला, शेवटी जाऊन उभे राहा. थवा दिसल्यावर मोठं इंजिन चालू करायचंच नाही. शंका असेल तर हात करून विचारा. विचारणाऱ्याला मी आजवर कुणी हाकललेलं पाहिलेलं नाही.

वजन सांगण्यासाठी मासा उचलणं

४० इंचांपेक्षा मोठा टार्पन पाण्याबाहेर काढता येत नाही, हा फ्लोरिडाचा नियम आहे. २०१३ पासून इथे टार्पन पकडून सोडायचाच असतो. मासा ठेवून घ्यायचा टॅग सुमारे ५० डॉलरला मिळतो, माणशी वर्षाला एक, पण तो फक्त विक्रमासाठी प्रयत्न करणाऱ्यांसाठी. कल्ल्यात हात घालून मासा बोटीच्या काठावर ओढलेले फोटो मला अभिमानाने पाठवले जातात. त्यांना मी उत्तर देत नाही. मासा पाण्यात, तुम्ही बाजूला वाकलेले, असा फोटो काढा आणि तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत धरून ठेवा.

याच चुकीची बहीण म्हणजे हलकी रॉड. 'बारीक दोरीवर मजा जास्त' म्हणणाऱ्यांचा मासा तासन् तास झगडतो, दमतो, आणि सोडल्यावर हॅमरहेड किंवा बुल शार्कच्या तोंडी जातो. जाड रॉड आणा, ६० ते ८० पाउंडांचा लीडर (गळाजवळचा दोरीचा मजबूत तुकडा) बांधा, लवकर आणा, लवकर सोडा. झुंजीच्या मध्येच शार्क दिसला तर दोरी तोडा. मासा गेला तरी चालेल, तो जगला पाहिजे.

बाकीच्या, थोडक्यात

सर्कल हुकला (टोक आत वळलेल्या गोल गळाला) हिसका देऊ नका. दोरी ताणेपर्यंत फक्त रील फिरवा.

मासा उडी मारतो तेव्हा रॉड त्याच्याकडे झुकवून दोरी सैल सोडा. ताणून धरलीत तर गळ तरी सुटेल किंवा दोरी तरी तुटेल.

पुलाखाली नांगर टाकताना नांगराच्या दोरीला तरंगणारा गोळा बांधा. मोठा मासा लागला की नांगर सोडून त्याच्या मागे जावं लागतं; गाठ सोडत बसलात तर तो खांबाला गुंडाळून मोकळा होतो. शेजारच्या बोटीचा मासा तुमच्याकडे येत असेल तर आपले गळ ताबडतोब वर घ्या.

बोका ग्रँड पासमध्ये एप्रिल ते जून एका बोटीवरून तीनपेक्षा जास्त दोऱ्या टाकता येत नाहीत. गळाखाली वजन लटकवण्यावर तिथे २०१३ पासून बंदी आहे. बोटी प्रवाहाबरोबर वाहत जातात, तेव्हा मध्येच नांगर टाकणारा दिवसभर शिव्या खातो, आणि त्याला त्या मिळायलाच हव्यात.

परवाना: परवानाधारक चार्टरवर, म्हणजे कॅप्टनसह भाड्याने घेतलेल्या बोटीवर गेलात तर गिऱ्हाइकाला वेगळा लागत नाही. स्वतः गेलात तर लागतो. राज्याबाहेरच्यांना तीन दिवसांचा १७ डॉलर, वर्षाचा ४७. गाइडकडे कोस्ट गार्डचं लायसन्स आहे का, हे विचारायला लाजू नका. अर्ध्या पैशात नेणाऱ्या 'कॅप्टन'कडे ते बहुधा नसतं. घासाघीस करणाऱ्यांना आणि वारा जास्त आहे म्हणून गाइडने फेरी रद्द केल्यावर त्याच्याशी वाद घालणाऱ्यांना मी माझ्या ओळखीने कुणाकडे पाठवत नाही. टिप १५ ते २० टक्के धरून चला, मासा लागला नाही तरी.

आणि छोट्या टार्पनच्या जागा. ही पिल्लं खारफुटीच्या आतल्या ओढ्यांत, कोंदट डबक्यांत वाढतात. पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून मोठे भक्षक फारसे शिरत नाहीत, आणि हवा पिता येत असल्याने ही तगतात. असं डबकं एका शनिवार-रविवारच्या गर्दीने खराब होतं. फोटो टाकायचाच असेल तर मागची झाडं, कल्व्हर्ट (रस्त्याखालची मोरी), रस्त्याची पाटी कापून टाका, आणि कुणी 'कुठे?' विचारलं तर काउंटीचं नाव सांगून थांबा.