प्राचीन ग्रीक भाष्यांचा अनुवाद करताय? या चुका टाळा

ऑलिंपिओडोरसची प्लेटोवरची भाष्यं अनुवादाला घेतली की थोड्याच पानांत माणूस वैतागतो. आधी उताऱ्याचा एकंदर अर्थ, मग त्याच उताऱ्यातला एकेक शब्द, आणि मघाचीच मतं परत. कात्री चालवावीशी वाटते. चालवू नका. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात तो असंच शिकवायचा: प्रत्येक पाठात आधी ‘थेओरिया’, म्हणजे विवेचन, मग ‘लेक्सिस’, म्हणजे शब्दशः वाचन. आपल्या हातात आहेत त्या विद्यार्थ्याने उतरवून घेतलेल्या टिपा. त्या शहरात कोम एल-दिक्का इथे अर्धगोलाकार दगडी बाकांचे आणि शिक्षकासाठी उंच आसन असलेले वर्ग सापडलेत. ते चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की वाक्यं तुटक का आहेत ते कळतं. ती गुळगुळीत करायला जाऊ नये.

लांबलचक अवतरणंही गाळू नका. प्लेटोच्याही आधीच्या पार्मेनिडीज या तत्त्वज्ञाच्या कितीतरी ओळी आज हाती आहेत त्या केवळ सिम्प्लिकियस या ॲरिस्टॉटलच्या भाष्यकाराने ‘ग्रंथ दुर्मीळ झालाय’ म्हणून उतरवून ठेवल्या म्हणून.

सगळ्यात चिवट चूक मूळ ओळींची. भाष्यकार ॲरिस्टॉटलची ओळ देतो आणि अनुवादक तिथे बाजारातला तयार अनुवाद चिकटवतो. पुढचं भाष्य मग भलत्याच शब्दावर बोलताना दिसतं, कारण भाष्यकारापुढची प्रत वेगळी होती. हस्तलिखितांत तर अनेकदा ओळीचे सुरुवातीचेच शब्द असतात. म्हणून आधी भाष्य वाचावं, भाष्यकारापुढे मूळ ओळीतले कोणते शब्द होते आणि त्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते पाहावं, आणि मूळ ओळ सर्वांत शेवटी मराठीत आणावी.

नावाचाही घोळ असतो. फिलोपोनस या ॲरिस्टॉटलच्या भाष्यकाराच्या काही भाष्यांच्या शीर्षकातच लिहिलंय की ही त्याचा गुरू अमोनियस याच्या तासांची टिपणं, वर माझी थोडी भर. अशा ठिकाणी सरसकट ‘फिलोपोनसच्या मते’ लिहिणं धोक्याचं. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादावरची डमास्कियस या तत्त्वज्ञाची टिपणं कित्येक वर्षं ऑलिंपिओडोरसच्या नावावर होती!

प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांचा मेळ घालणं सिम्प्लिकियस भाष्यकाराचं कर्तव्यच मानतो. ते पटलं नाही तर तळटीप द्या, अनुवादात त्याला सुधारू नका.

आणि प्रस्तावनेत ‘इ.स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने ग्रीक तत्त्वज्ञान संपवलं’ असं ठोकून देऊ नका. तत्त्वज्ञान शिकवण्यावरच्या त्याच्या बंदीचा तडाखा अथेन्सला बसला. अलेक्झांड्रियात ऑलिंपिओडोरस ५६५ च्या धूमकेतूचा उल्लेख करण्याइतका नंतरही शिकवत होता, तेही बऱ्याचशा ख्रिस्ती विद्यार्थ्यांना. जुन्या ग्रीक देवांविषयी बोलताना तो शब्द जपून वापरतो, ते त्यामुळेच.