आधी चिठ्ठ्या, मग सिद्धांत: माणसाच्या निर्णयांवरचा सेमिनार कसा घ्यावा

माणूस निर्णय कसा घेतो यावर अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र विभागांनी मिळून सेमिनार ठेवला असेल, तर पहिल्या पंधरा मिनिटांत मुलांनाच निर्णय घ्यायला लावा. त्याआधी सिद्धांताचं नावही काढू नका. फळ्यावर ‘फ्रेमिंग’ (तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली की निवड बदलते, तो परिणाम) हा शब्द दिसला, की मुलं सावध होतात, ‘बरोबर’ उत्तर शोधू लागतात आणि जे बघायचं होतं तेच हातचं जातं.

चाळीस मुलं आणि दीड तास पुरेसा आहे. वेळ सकाळी अकराची ठेवा. दुपारी ठेवलं तर गावाकडची एसटी गाठायला निम्मी मुलं चर्चेच्या ऐन भरात उठतात. प्रोजेक्टरवर सगळं अवलंबून ठेवू नका. चिठ्ठ्या, खडू आणि एक रिकामं खोकं एवढ्यावर भागतं.

पहिल्या प्रयोगासाठी मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांचा 1981 सालचा साथीच्या रोगाचा प्रश्न घ्या. साथीत 600 जण दगावण्याचा धोका आहे, दोन उपाय आहेत, एक निवडायचा. निम्म्या चिठ्ठ्यांवर लिहा: ‘उपाय अ: 200 जण वाचतील. उपाय ब: सगळे 600 वाचण्याची शक्यता तिनात एक, कोणीच न वाचण्याची तिनात दोन.’ उरलेल्या निम्म्यांवर: ‘उपाय अ: 400 जण मरतील. उपाय ब: कोणीच न मरण्याची शक्यता तिनात एक, सगळे 600 मरण्याची तिनात दोन.’ हिशेब दोन्हीकडे एकच आहे. तरी मूळ अभ्यासात पहिल्या मांडणीत 72 टक्के लोकांनी खात्रीचा उपाय अ निवडला, दुसऱ्या मांडणीत फक्त 22 टक्के लोकांनी. ‘एक तृतीयांश संभाव्यता’ असं पुस्तकी लिहू नका. काही मुलं तिथेच अडखळतात आणि मग आपण मांडणीचा परिणाम मोजतोय की गणिताची भीती, हे कळत नाही.

चिठ्ठ्या वाटताना सगळ्यात जास्त चुका होतात. आपल्याकडे वर्गात बहुतेक ठिकाणी मुली एका बाजूला, मुलं दुसऱ्या बाजूला बसतात. घाईत डाव्या रांगांना एक मांडणी आणि उजव्या रांगांना दुसरी दिली, तर आलेला फरक शब्दांचा की मुलं-मुलींचा हे सांगताच येत नाही. मागच्या आणि पुढच्या बाकांचंही तेच. म्हणून दोन्ही मांडण्या एकाच रंगाच्या कागदावर छापा, कोपऱ्यात बारीक सम-विषम क्रमांक टाका आणि दोन्ही गठ्ठे एकत्र करून पत्त्यांसारखे नीट पिसा. नाव लिहायचं नाही, शेजाऱ्याला दाखवायचं नाही, चिठ्ठी घडी करून खोक्यात टाकायची. हात वर करून मतं घेऊ नका, कारण तिसरा हात वर गेला की बाकीचे त्याच्याकडे बघून ठरवतात.

मोजणी फळ्यावर, सगळ्यांसमोर करा. वीस-वीसचे दोन गट असतील तर सहा-सात जणांपेक्षा कमी फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो, हे मोजणीच्या आधीच सांगा. फरक दिसला नाही तर सेमिनार फसला असं समजू नका. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पडताळणीत 36 ठिकाणी हा प्रयोग पुन्हा केला गेला. परिणाम टिकला, पण मूळ अभ्यासापेक्षा बराच लहान निघाला. त्याच पडताळणीत इतर काही गाजलेले परिणाम मुळीच टिकले नाहीत. मुलांना हे कळणं ‘बायस’ची, म्हणजे विचारातल्या ठरावीक चुकांची, लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

वेळ उरला तर वाटणीचा खेळ घ्या: एकाने दहा रुपये वाटायचे, दुसऱ्याने वाटणी नाकारली तर दोघांनाही शून्य. पैसे खरे द्या आणि जोड्या क्रमांकावरून लावा. समोर कोण आहे हे कळलं की तो मैत्रीचा व्यवहार होतो.

यानंतर किमान पस्तीस मिनिटं एकाच शोधनिबंधाला द्या. आपल्या मराठवाड्यासाठी 2013 सालचा मणी, मुल्लैनाथन, शाफीर आणि झाओ यांचा निबंध उत्तम. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांच्या बुद्धीच्या त्याच चाचण्या तोडणीआधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर घेतल्या. आधीच्या वेळी गुण कमी आले. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते, असा लेखकांचा दावा आहे.

हा निबंध सारांशातून शिकवू नका. पद्धतीचा भाग मोठ्याने वाचा आणि मग विचारा: कोणाची तोड कधी होते हे तिथे कारखाना ठरवत होता, शेतकरी नाही, या गोष्टीवर अभ्यासाचा निष्कर्ष किती अवलंबून आहे? मग लातूर, परभणी, बीडकडे या. तोडीचा क्रम इथे कशावर ठरतो? नोंदीच्या तारखेवर, लागण आडसाली (पावसाळ्यातली) की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला) यावर, की तोडणी मजुरांची टोळी कोणाच्या ओळखीची आहे यावर? ओळखीवर ठरत असेल, तर आधी तोड मिळालेला आणि उशिरा मिळालेला शेतकरी मुळातच वेगळे आहेत आणि तुलना लंगडी पडते. ऊस पिकवणाऱ्या घरची मुलं या प्रश्नावर हमखास बोलतात, कधी न बोलणारीसुद्धा.

मोंढ्यातला सोयाबीनही असाच विषय. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत असताना कोणी माल घरात ठेवतो. हमीभावाच्या आकड्यापाशी मन अडलं आणि खाली विकणं म्हणजे तोटा वाटला, असं एक स्पष्टीकरण आहे. पुढे भाव वाढेल असा साधा अंदाज, हे दुसरं. दोन्हींतला फरक दाखवायला कोणती माहिती गोळा करावी लागेल, हे मुलांना लिहायला सांगा.

चर्चा चालवणाऱ्याने एका गोष्टीवर कडक राहावं. ऊसतोड कामगार उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतो म्हणून तो ‘अविवेकी’, असं कोणी म्हणालं की लगेच थांबवा. आधी विचारा, घरात चार महिन्यांचं धान्य नसेल तर दुसरा पर्याय कोणता होता? पर्याय न मोजता निर्णयाला नावं ठेवणं हे वाईट अर्थशास्त्र आहे आणि वाईट मानसशास्त्रही.

शेवटी चिठ्ठ्या टाकून देऊ नका. लिफाफ्यात घालून वर तारीख, वर्ग आणि प्रश्नाचे नेमके शब्द लिहून ठेवा. पुढच्या दोन तुकड्यांवर एक शब्दही न बदलता तोच प्रश्न वापरला, तर साठ-साठचे गट होतील आणि लहान फरकही नजरेत येईल. मात्र किती तुकड्यांवर थांबायचं हे आजच ठरवून लिफाफ्यावर लिहा. मनासारखा आकडा आला म्हणून मध्येच थांबलात, तर तो आकडा कामाचा नाही.