कॉलेज बास्केटबॉल कॉन्फरन्सचा सीझन प्रिव्ह्यू कसा करायचा: आधी 200 मिनिटं भरा

ऑक्टोबर आला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रत्येक कॉन्फरन्सचा (म्हणजे आपसात लीग खेळणाऱ्या कॉलेजेसच्या गटाचा) प्रीसीझन पोल येतो, कोण पहिला कोण शेवटचा, आणि बरेच जण तोच पोल थोडा इकडेतिकडे करून प्रिव्ह्यू म्हणून लिहून टाकतात. मला हे अजिबात पटत नाही, कारण आता पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये गेल्या वर्षीची टीम आणि या वर्षीची टीम यांच्यात बऱ्याचदा फक्त जर्सीचा रंग सारखा असतो. त्यामुळे प्रिव्ह्यू करायचा असेल तर गेल्या वर्षीच्या टेबलपासून सुरुवात करू नका, मिनिटांपासून करा.

म्हणजे काय ते सांगतो. मॅच 40 मिनिटांची, कोर्टवर पाच जण, म्हणजे प्रत्येक टीमकडे एका मॅचला 200 मिनिटं असतात वाटायला. कॉन्फरन्समधल्या प्रत्येक टीमसाठी एक कोरा कागद घ्या (किंवा स्प्रेडशीट, मी तेच वापरतो) आणि ही 200 मिनिटं नावांनी भरायला लागा. गेल्या वर्षी 32 मिनिटं खेळणारा परत आलाय? लिहा 32. बेंचवरचा 9 मिनिटंवाला परत आलाय? लिहा 9, लगेच 25 करू नका. जेवढी मिनिटं भरता येत नाहीत तेवढा त्या टीमचा खरा प्रश्न, आणि तुमचा प्रिव्ह्यू त्या प्रश्नाबद्दल असला पाहिजे.

एक खरं उदाहरण घेऊ, कारण त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. मिसुरी व्हॅली कॉन्फरन्स, जिला सगळे नुसतं व्हॅली म्हणतात. 2024 मध्ये ड्रेकनं व्हॅलीची टूर्नामेंट जिंकली आणि लगेच कोच डॅरियन डीव्रीस वेस्ट व्हर्जिनियाला गेला, सोबत त्याचा मुलगा टकर, जो टीमचा स्टार होता, तोही गेला. बाकीचे मुख्य खेळाडूही जवळजवळ सगळे पांगले. ड्रेकचा कागद कोरा! त्या जागी आला बेन मॅकॉलम, ज्यानं डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे एक पायरी खालच्या स्तरावर, नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटसोबत चार राष्ट्रीय टायटल्स जिंकली होती, आणि तिथले चार खेळाडू तो सोबत घेऊन आला. नुसती रिटर्निंग मिनिटं मोजली असती तर शून्याच्या आसपास आकडा आला असता. पण ती चार मुलं त्याच कोचच्या हाताखाली, त्याच सिस्टिममध्ये, एकत्र खेळून आलेली. शेवटी ड्रेक 31-4, व्हॅलीची रेग्युलर सीझन आणि टूर्नामेंट दोन्ही त्यांची, वर एनसीएए टूर्नामेंटच्या (सीझनच्या शेवटची राष्ट्रीय स्पर्धा) पहिल्या राउंडला मिसुरीला घरी पाठवलं. आणि त्यातला बेनेट स्टर्ट्झ मॅचला सरासरी 39 मिनिटांच्या वर खेळला, म्हणजे जवळजवळ बसलाच नाही.

यातून मी एक नियम करून घेतला. कागदावर दोन रंग ठेवा, एक या कॉलेजमध्ये खेळलेल्या मिनिटांसाठी आणि दुसरा या कोचसोबत खेळलेल्या मिनिटांसाठी. साध्या प्रिव्ह्यूत फक्त पहिला रंग असतो, ड्रेकची सगळी गोष्ट दुसऱ्या रंगात होती. पुढे 2025 ला मॅकॉलम आयोवाला गेला आणि स्टर्ट्झ त्याच्या मागोमाग तिकडेच गेला, म्हणजे आयोवाच्या कॉन्फरन्सचा, बिग टेनचा, प्रिव्ह्यू करणाऱ्यालाही हाच दुसरा रंग लागला असता.

हे सगळं इतकं हलायला कधी लागलं ते माहीत असलेलं बरं. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झालं, 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची गरज उरली नाही, आणि 2024 पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण केल्या की कितीही वेळा बदला. त्यात 1 जुलै 2021 पासून एनआयएल, म्हणजे खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि 2025-26 पासून तर कॉलेजेस थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर्सपर्यंत. त्यामुळे छोट्या कॉन्फरन्समध्ये जो चमकला तो वर जाणार हे धरूनच चालायचं. एप्रिलमध्ये लिहिलेला प्रिव्ह्यू मेमध्ये शिळा होतो. पोर्टलची गडबड संपू द्या, एनबीए ड्राफ्टमधून (प्रो लीगची खेळाडू निवड) नाव मागे घ्यायची मुदत जाऊ द्या, मग बसा. आणि रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) कॉलेजच्या अधिकृत साइटवर जाऊन बघा, सोशल मीडियावरच्या पोस्टवर अख्खा पॅराग्राफ उभा करू नका.

आता ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलांचं काय. इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. वरच्या कॉन्फरन्समधून खाली आलेला मुलगा असला की कॉलेजचं नाव बघूनच त्याला स्टार्टर करून टाकतात. तो तिथे 6 मिनिटं खेळत होता, ती पण मॅच हातातून गेल्यावर, तर त्याच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळलेलं नाही एवढंच म्हणता येतं. उलट खालून वर आलेला मुलगा 18 पॉइंट्स काढत होता म्हणून इथेही 18 काढेल असं नाही, बहुतेक कमीच काढेल, कारण डिफेन्स चांगला आणि बॉलही त्याच्या हातात तेवढा वेळ राहणार नाही. मी पॉइंट्सकडे बघतच नाही, मी बघतो यूसेज रेट. तो मुलगा कोर्टवर असताना टीमच्या किती टक्के पझेशन्स (बॉल टीमकडे असण्याची एकेक खेप) त्याच्या शॉटवर, फ्री थ्रोवर किंवा टर्नओव्हरवर (बॉल गमावण्यावर) संपतात ते. पाच जणांचे मिळून 100, म्हणजे सरासरी 20. एखाद्या टीमचा 30 टक्केवाला गेला असेल तर ते 30 कुणाकडे जाणार हे नावासकट लिहा. आणि जो 17 वरून 25 वर जाणार त्याची एफिशियन्सी थोडी घसरेल असं धरा, सोपे शॉट्स मारणाऱ्याला आता अवघडही मारावे लागणार. जर पाच जणांची बेरीज 130 होतेय, म्हणजे सगळेच बॉल मागणारे गोळा केलेत, तर तीही लिहिण्यासारखी गोष्ट आहे.

टीमचे आकडे बघताना पर गेम पॉइंट्स विसरा प्लीज. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, 2015-16 पासून 30 सेकंदांचा आहे पण तो सगळा वापरायचा की आठव्या सेकंदाला शॉट मारायचा हे कोच ठरवतो. समजा एक टीम 60 पझेशन्समध्ये 64 पॉइंट्स करते आणि दुसरी 72 मध्ये 75. वरवर बघितलं तर दुसरीचा ऑफेन्स भारी. पण 100 पझेशन्सच्या हिशोबानं पहिलीचे 106.7 आणि दुसरीचे 104.2. 2024-25 ची ड्रेक देशातल्या सगळ्यात संथ टीम्सपैकी एक होती, व्हॅलीच्या फायनलला ब्रॅडलीला 63-48 हरवलं, स्कोअर बघून कुणी म्हणेल ऑफेन्स नाही यांच्याकडे, आणि ते साफ चूक. केनपॉम, टॉर्विक या साइट्सवर हे सगळं पझेशननुसार आणि समोरची टीम किती चांगली ते धरून ॲडजस्ट केलेलं मिळतं.

त्यानंतर बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हरचे फोर फॅक्टर्स: शूटिंग, टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाउंडिंग (आपल्याच टीमचा चुकलेला शॉट परत पकडणं) आणि फ्री थ्रो लाइनवर जाणं, महत्त्व साधारण याच क्रमानं. शूटिंगसाठी इफेक्टिव्ह फील्ड गोल घ्या, तीन पॉइंटच्या शॉटला दीडपट मोजायचं. 10 शॉट्समध्ये 4 गेले आणि त्यातले 2 थ्री असतील तर 40 नाही, 50 टक्के. प्रत्येक टीमचे चारही फॅक्टर्स दोन्ही बाजूंनी बघा आणि मग 200 मिनिटांच्या कागदाशी जोडा. गेल्या वर्षी ऑफेन्सिव्ह रिबाउंड्सवर जगलेली टीम, आणि तो सेंटर गेला, बदली आलेला दोन इंच कमी आणि बाहेर उभा राहून थ्री मारणारा, तर टीमचं पोट कशावर भरणार? हे एक वाक्य रँकिंगपेक्षा जास्त कामाचं.

दोन गोष्टींवर जास्त विश्वास ठेवू नका. एक, समोरच्या टीमचे थ्री किती टक्के गेले हा आकडा. डिफेन्स समोरच्याला थ्री घ्यायला किती देतो यावर त्याचा ताबा असतो, पण घेतलेला थ्री आत जातो की नाही यात नशीब खूप. गेल्या वर्षी विरोधकांनी 29 टक्केच मारले म्हणून डिफेन्स जबरदस्त असं लिहिलेलं दिसलं की मी थांबतो. दुसरी म्हणजे शेवटच्या एकदोन पझेशन्सवर जिंकलेल्या मॅचेस. 9-1 असा क्लोज गेमचा रेकॉर्ड पुढच्या वर्षी तसाच राहील असं धरणं धोक्याचं, भले कोच कितीही चांगला असो.

मग शेड्यूल. हे लोक शेवटी दोन ओळींत उरकतात आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये तीच चूक नडते. बिग टेनमध्ये 2024 पासून 18 टीम्स आणि कॉन्फरन्सच्या मॅचेस 20, म्हणजे 17 विरोधकांपैकी फक्त तिघांशी दोनदा आणि बाकी 14 जणांशी एकदाच. ते तिघं कोण, आणि टॉपच्या टीम्स घरी मिळतात की बाहेर, यावर दोनतीन विजय सहज इकडचे तिकडे होतात. घरच्या कोर्टचा फायदा साधारण 3 पॉइंट्सचा धरतात. याउलट बिग ईस्टमध्ये 11 टीम्स, 20 मॅचेस, प्रत्येकाशी घरी एक बाहेर एक, तिथे शेड्यूलची सबब चालत नाही. म्हणून आधी भागाकार करा, मग ठरवा शेड्यूलवर किती लिहायचं.

आणि आता ती गोष्ट जी मला सगळ्यात जवळची आहे. तुमची कॉन्फरन्स एका बिडवाली आहे की अनेक (बिड म्हणजे एनसीएए टूर्नामेंटमधली जागा), हे ठरवल्याशिवाय प्रिव्ह्यू कशासाठी ते कळतच नाही. 2025 च्या एनसीएए टूर्नामेंटला 68 टीम्स होत्या, 31 कॉन्फरन्स चॅम्पियन थेट आणि 37 निवड कमिटीनं घेतलेल्या (यांनाच ॲट लार्ज म्हणतात). त्या वर्षी एसईसी या मोठ्या कॉन्फरन्सच्या 16 पैकी 14 टीम्स आत गेल्या, रेकॉर्ड आहे तो. तिथे आठव्या आणि दहाव्या टीममधला फरकसुद्धा महत्त्वाचा. व्हॅलीसारख्या ठिकाणी मात्र मार्चमधला एक वीकेंड सगळं ठरवतो. 2023-24 ची इंडियाना स्टेट आठवा. गॉगल घातलेला सेंटर रॉबी अव्हिला, सुंदर पासिंग, रेग्युलर सीझन जिंकलेली, नेट रँकिंगमध्ये (एनसीएएची टीम्सची क्रमवारी) पहिल्या 30 मध्ये. सेंट लुइसला फायनलमध्ये ड्रेककडून 84-80 हरले आणि कमिटीनं घेतलंच नाही. एनआयटीत (एनसीएए टूर्नामेंटला न गेलेल्या टीम्सची स्पर्धा) गेले, तिथेही फायनलपर्यंत पोचले आणि सीटन हॉलकडून 79-77 हरले. मग कोच जॉश शर्ट्झ सेंट लुइस युनिव्हर्सिटीला आणि अव्हिला त्याच्यासोबत. मला ती टीम अजून विसरता येत नाही.

तर एका बिडच्या कॉन्फरन्समध्ये दोन वेगळे अंदाज लिहा, टेबलमध्ये पहिलं कोण आणि टूर्नामेंट कोण जिंकेल. टूर्नामेंट कुठे होते ते बघाच. व्हॅलीची 1991 पासून सेंट लुइसला न्यूट्रल कोर्टवर होते, तिथे पहिल्या नंबरला घरचा फायदा मिळत नाही. पॅट्रियट लीग किंवा अमेरिका ईस्टमध्ये वरच्या सीडच्याच (म्हणजे टेबलमध्ये वर आलेल्या टीमच्याच) जिममध्ये मॅच होते, तिथे पहिलं येणं खूप मोलाचं. आयव्ही लीगमध्ये तर फक्त चार टीम्सच टूर्नामेंट खेळतात, म्हणजे तिथे चौथ्या जागेची लढाई हाच अर्धा प्रिव्ह्यू.

नॉन कॉन्फरन्स मॅचेसही यातच येतात. कमिटीच्या भाषेत क्वाड वन म्हणजे घरी नेटच्या पहिल्या 30 शी, न्यूट्रलला पहिल्या 50 शी, बाहेर पहिल्या 75 शी खेळलेली मॅच. ॲट लार्जचं स्वप्न बघणाऱ्या छोट्या टीमला डिसेंबर संपेपर्यंत अशा किती मॅचेस मिळतायत ते मोजा. दोनच असतील तर त्या दोन्ही तारखा प्रिव्ह्यूत लिहा, वाचणारा त्या दिवशी मॅच लावेल.

लिहिताना 1 ते 11 अशी सरळ उतरंड न लावता मी गट करतो. टायटलवाले, वरच्या चारात येऊ शकणारे, मधले, आणि ज्यांचा कागद अजून अर्धा रिकामा आहे ते. शेवटचा गट म्हणजे वाईट टीम नाही हे स्पष्ट लिहा, 2024 च्या उन्हाळ्यातली ड्रेक याच गटात पडली असती. प्रत्येक टीमला सारखी जागा द्यायची पण गरज नाही, जिथे प्रश्न मोठा तिथे तीन पॅराग्राफ आणि जिथे आठ जण परत आलेत कोच तोच तिथे पाच ओळी पुरतात. नवीन कोच असेल तर त्याच्या आधीच्या कॉलेजची पेस (मॅचला किती पझेशन्स) आणि थ्रीचं प्रमाण बघा, बहुतेक कोच स्वतःची पद्धत सोबत घेऊन येतात.

सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू होतो, त्याच्या आदल्या आठवड्यात दुखापतींची शेवटची खात्री करा, कोण अजून खेळायला पात्र ठरलेलं नाही ते बघा आणि लिहिलेलं लॉक करा, नंतर हळूच बदलू नका. जानेवारीत कॉन्फरन्सच्या चारपाच मॅचेस झाल्या की तोच कागद परत उघडा आणि तुम्ही लिहिलेल्या मिनिटांशेजारी खरी मिनिटं लिहा. ज्याला तुम्ही 12 दिली होती आणि जो 28 खेळतोय, त्याच्यापासून पुढचं लिहायला घ्या.